चार नंबरची ट्राम, अंतिम सात

रात्री दोन वाजता ट्राम फिकी पडली.
टाइमलाइनवर लाल होती:
एकशे अठ्ठ्याहत्तर, चौतीस, एकेचाळीस.
हे आकडे मला घरच्या फोन नंबरासारखे पाठ.
एक्सपोर्ट केली, आणि डेपोबाहेर आली ती
वाळक्या डाळिंबाच्या सालीसारखी,
दाणे कुणी आधीच काढून नेलेली.

येरेवानमध्ये बर्फ. हीटर एकच, पायांशी.
सहाला फिल्म पाठवायची होती:
चार मिनिटं अकरा सेकंद,
रूळ उखडून नेल्यावरही धावत राहिलेली एक ट्राम
आणि तिचा चालक,
ज्याला मी बाबांचे कान दिलेत.

पुन्हा एक्सपोर्ट. पुन्हा तीच साल.
फाइलचं नाव अंतिम.
मग अंतिम दोन.
मग, रागाच्या भरात, अंतिम खरंच.

म्कर्तिचला उठवलं.
तोंडात झोप धरून तो म्हणाला,
डोळ्यांना विचारू नकोस,
थकले की ते साक्ष फिरवतात.
फाइल परत आत ओढ, ड्रॉपर लाव, आकडा वाच.

वाचला.
एकशे अठ्ठ्याहत्तर, चौतीस, बेचाळीस.
एकाचा फरक! बेचाळीसपायी कुणी रडत नाही.
म्हणजे लाल आतच होता, सुखरूप,
आणि मी तासभर
जिवंत माणसाचं सुतक पाळत बसले होते.

मग एकच फाइल तीन प्लेअरमध्ये लावली. तीन लाल.
फोनवर चौथा, पोरीच्या नेलपॉलिशसारखा.

फाइल खोटं बोलत नाही गं, म्कर्तिच म्हणाला,
तिच्यावर चिठ्ठी नाही.
फडताळातल्या बिनचिठ्ठीच्या बाटलीत
व्हिनेगर की व्होडका,
ज्याने त्याने आपल्या नाकाने ठरवायचं.
आणि काळा बघितलास?

काळा बघितला नव्हता.
बोगद्यात, जिथे काहीच दिसू नये,
तिथे राखेचा उजेड साठला होता.
फाइल म्हणते, काळोख सोळाव्या पायरीवर संपतो.
प्लेअर शून्यापासून मोजतो.
मधल्या सोळा पायऱ्यांवर
उगीचच धुकं.

चिठ्ठी लावली. रंगाचं माप कोणतं,
काळोख कुठून मोजायचा,
सगळं तिच्या कपाळावर लिहून दिलं.
अंतिम सात. पावणेपाच.
आता तिन्ही खिडक्यांत एकच ट्राम, एकच लाल,
बोगदा बोगद्यासारखा.
फोन अजून हटून बसलेला.
असू दे. म्कर्तिच घोरायलाही लागला होता,
कॉल न तोडता.

दुपारी पेनड्राइव्ह घेऊन नोर नोर्कला गेले.
बाबांचा टीव्ही जुना,
रंगाचा काटा त्यांनी पार टोकाला नेलेला.
बातम्या देणारी बाई उन्हात भाजल्यासारखी दिसते,
तरी कुणाला हात लावू देत नाहीत.
माझी ट्राम त्या काचेवर आली
ती नारिंगी, कडेने जांभळी,
पेटल्यासारखी.

मी डोळे मिटले.
म्हटलं, बाबा, हा रंग असा नाहीये.

कसला रंग? ते म्हणाले.
ज्या वर्षी वीज नव्हती,
त्या वर्षी लाल रंगही नव्हता.
डेपोत जो डबा आला तो फासला.
एका बाजूला विटकरी, दुसऱ्या बाजूला
दवाखान्याच्या दाराचा उरलेला.
चढाकडून बघणाऱ्यांची ट्राम वेगळी,
बाजाराकडून बघणाऱ्यांची वेगळी.
दोन्ही चार नंबर.

मग मला हा लाल कुठून आठवतो?

ते उत्तर द्यायला थांबले नाहीत.
खुर्ची पुढे ओढून पडद्याला नाक लावलं.
घंटेची दोरी
तू डाव्या हाताला दाखवलीस, म्हणाले.
उजवीकडे होती.
हा बघ खांदा. अजून दुखतो.